१९०१ ते १९२० : अमेरिकेचा आणि जगाचा इतिहास एका घटनेपासून कसा उलगडावा

विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षं अभ्यासायला घेतली की बहुतेक जण सनावळीची यादी करतात आणि पाठ करायला बसतात. १९०५ ला रशिया-जपान युद्ध संपलं, १९१२ ला टायटॅनिक बुडाली, १९१४ ला महायुद्ध पेटलं, १९१७ ला रशियात क्रांती झाली. यादी पाठ होतेही. पण सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाल्यावर लंडनमध्ये व्याजदर का चढला, किंवा तळेगाव ढमढेऱ्याचा एक तरुण अमेरिकेत शिकायला जाऊन लाहोरच्या तुरुंगात फासावर का गेला, असं कुणी विचारलं की यादीचा उपयोग संपतो.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आणि निव्वळ आवडीने वाचणाऱ्यांना मी एकच पद्धत सांगतो. एक घटना निवडा, तिच्यापाशी नीट थांबा आणि तिच्यातून निघणारे धागे धरून पुढे जा. इथे उदाहरणासाठी १८ एप्रिल १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप घेतला आहे. तो परीक्षेत फारसा विचारला जात नाही, तरीही त्याच्यापासून निघून आपण महायुद्धापर्यंत आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीपर्यंत पोहोचतो.

पायरी १ : मोठा कागद, चार रकाने

साधी वही अपुरी पडते. ड्रॉइंगचा मोठा कागद आडवा घ्या, नाहीतर संगणकावर तक्ता करा. डावीकडे वर्षं आणि पुढे चार रकाने : अमेरिका, युरोप, आशिया व इतर जग, आणि भारत. दर वर्षाला किमान चार बोटं जागा सोडा. १९१४ ते १९१८ साठी दुप्पट सोडा, नंतर जागा पुरत नाही.

आता सांगाडा भरून घ्या. यात वेळ घालवू नका, पाठ्यपुस्तक समोर ठेवून एका बैठकीत होतं. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या आणि थिओडोर रूझवेल्ट सत्तेवर. १९०३ मध्ये राइट बंधूंचं उड्डाण आणि पनामा कोलंबियापासून वेगळा. १९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्ध. १९१० मध्ये मेक्सिकोची क्रांती. १९११ मध्ये चीनची. १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धं. मग महायुद्ध, रशियन क्रांती, १९१९ चा व्हर्सायचा तह, १९२० मध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती. भारताच्या रकान्यात १९०५ ची बंगालची फाळणी, १९०८ ची टिळकांची सहा वर्षांची शिक्षा आणि त्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेला संप, १९१४ मध्ये टिळकांची सुटका, १९१६ चा लखनौ करार, १९१९ चं जालियनवाला बाग. हे सगळं पेन्सिलीने लिहा. पेन धागे जोडण्यासाठी राखून ठेवा.

पायरी २ : निवडलेल्या दिवसाचं वर्तमानपत्र वाचा

ही पायरी कुणीही टाळू नये असा माझा आग्रह आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वृत्तपत्रं स्कॅन करून 'क्रॉनिक्लिंग अमेरिका' या संग्रहात मोफत ठेवली आहेत. कॅलिफोर्नियातल्या वृत्तपत्रांचा वेगळा डिजिटल संग्रह आहे, तोही फुकट. खातं उघडावं लागत नाही, मोबाइलवरही पानं दिसतात, पण वाचायला मोठा पडदा बरा.

१९ एप्रिल १९०६ चा अंक उघडा. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन प्रतिस्पर्धी दैनिकांनी, कॉल, क्रॉनिकल आणि एक्झामिनर यांनी, मिळून एकच अंक काढला. त्यांचे छापखाने निकामी झाले होते, म्हणून तो खाडीपलीकडच्या ओकलंडमध्ये छापला गेला. शहर उद्ध्वस्त झाल्याचं सांगणारा मथळा पानभर आहे. बातमीत धक्क्याची वेळ पहाटे ५ वाजून १३ मिनिटं आणि धक्का ४८ सेकंदांचा असल्याचं छापलं आहे. आजचे भूकंपशास्त्रज्ञ ५ वाजून १२ मिनिटं ही वेळ देतात. फरक मिनिटाभराचा असला तरी दोन्ही वेळा कागदावर लिहा आणि कुठली कुठून आली तेही लिहा. ही सवय पुढे मोठ्या फरकांच्या वेळी कामाला येते.

पुढच्या आठवड्याभराचे अंक चाळले की चित्र उभं राहतं. जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटले, त्यामुळे आग विझवायला पाणी नव्हतं. अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन धक्क्यातच प्राणघातक जखमी झाले. आग अडवण्यासाठी लष्कराने घरं सुरुंगाने उडवली, त्यातल्या काहींमुळे ती उलट पसरली. तीन-चार दिवसांत सुमारे २८,००० इमारती गेल्या आणि चार लाखांच्या शहरातले निम्म्याहून जास्त लोक बेघर झाले.

शोध घेताना काही गोष्टी सांभाळा. संगणकाने वाचलेली जुनी अक्षरं पुष्कळदा चुकतात. एका शब्दाने हाती काही लागलं नाही तर दुसरा शब्द टाका, नाहीतर तारीख धरून सरळ पानं उलटा. गावांची आणि देशांची त्या वेळची नावं वापरा : इस्तंबूलऐवजी कॉन्स्टँटिनोपल, १९१४ नंतर सेंट पीटर्सबर्गऐवजी पेट्रोग्राड. सर्बियाच्या स्पेलिंगमध्ये अमेरिकी पत्रं महायुद्धापर्यंत बीच्या जागी व्ही लिहीत. भारतीयांबद्दलच्या बातम्या हव्या असतील तर 'हिंदू' शोधा, तोही शेवटी दोन ओ लावून. पंजाबातले शीख आणि मुसलमान मजूरसुद्धा तिथल्या पत्रांत याच नावाखाली येतात.

पायरी ३ : पैशाचा धागा

आता कागदावर १९०६ च्या चौकटीतून पहिली रेघ काढा. प्रश्न साधा आहे : नुकसान कुणी भरलं?

विमा आगीचा होता, भूकंपाचा नव्हता. म्हणून 'आग की भूकंप' या वादाला एवढं महत्त्व आलं, आणि शहरातले व्यापारी पुढे कित्येक वर्षं या घटनेला 'मोठी आग' म्हणत राहिले. भूकंपाचं शहर म्हणून नाव झालं असतं तर भांडवल तिकडे फिरकलं नसतं. विमा उतरवणाऱ्यांत ब्रिटिश कंपन्या मोठ्या संख्येने होत्या. दावे चुकते करायला लंडनहून सोनं अमेरिकेकडे निघालं. तेव्हा पौंड सोन्याशी बांधलेला होता, त्यामुळे तिजोरीतलं सोनं घटू लागलं की बँक ऑफ इंग्लंडला हातपाय हलवावेच लागत. १९०६ च्या शरद ऋतूत तिने व्याजदर साडेतीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर नेला आणि अमेरिकेच्या हुंड्यांना लंडनमध्ये पैसा मिळणं अवघड केलं.

न्यूयॉर्कमध्ये पैसा आटत गेला. ऑक्टोबर १९०७ मध्ये ऑगस्टस हाइन्झे हा तांब्याच्या धंद्यातला धनिक आणि त्याच्या मंडळींनी एका तांब्याच्या कंपनीचे शेअर आपल्याच हाती गोळा करून भाव चढवायचा डाव टाकला, तो फसला. त्यांच्याशी संबंध असलेल्या बँकांवर खातेदार धावून गेले. २२ ऑक्टोबरला निकरबॉकर या ट्रस्ट कंपनीने, म्हणजे बँकेसारख्या पण सैल नियमांच्या संस्थेने, व्यवहार थांबवले. देशाला मध्यवर्ती बँक नव्हती. शेवटी जे. पी. मॉर्गन या सत्तरीतल्या सावकाराने शहरातल्या बँकवाल्यांना आपल्या ग्रंथालयात एकत्र केलं आणि बुडणाऱ्या संस्थांसाठी पैसा उभा करायला लावला.

इथे थोडं रेंगाळा, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक कडी कागदोपत्री सापडते. एवढ्या मोठ्या देशाची पत एका माणसावर अवलंबून राहिली, याची धास्ती वॉशिंग्टनने घेतली. १९०८ मध्ये आणीबाणीत जादा चलन काढू देणारा ऑल्ड्रिच-व्ह्रीलँड कायदा झाला आणि चलनव्यवस्थेचा अभ्यास करायला आयोग नेमला गेला. नोव्हेंबर १९१० मध्ये सिनेटर ऑल्ड्रिच आणि काही बँकवाले जॉर्जियातल्या जेकिल बेटावर गुपचूप भेटले आणि त्यांनी मध्यवर्ती बँकेचा आराखडा केला. तो जसाच्या तसा मंजूर झाला नाही, पण २३ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यावर सही केली.

ही बँक दार उघडण्याआधीच महायुद्ध आलं. युरोपातले गुंतवणूकदार अमेरिकी शेअर विकून सोनं मागतील या भीतीने न्यूयॉर्कचा शेअर बाजार ३१ जुलै १९१४ रोजी बंद झाला, तो चार महिन्यांहून अधिक काळ. त्या वेळी १९०८ च्याच कायद्याने काढलेलं जादा चलन कामाला आलं. फेडरल रिझर्व्हच्या बँका नोव्हेंबरमध्ये सुरू झाल्या. १९१५ मध्ये मॉर्गनची पेढी ब्रिटनसाठी अमेरिकेत युद्धसाहित्य खरेदी करू लागली आणि त्याच वर्षी ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज उभारून दिलं. युद्धाआधी जगाचं देणं असलेला देश युद्धानंतर धनको झाला. माझ्या मते या वीस वर्षांतला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो एका ओळीत उरकला जातो.

पायरी ४ : माणसांचा धागा

दुसरी रेघ त्याच भूकंपातून निघते. शहरातल्या बऱ्याच शाळा पडल्या होत्या. ११ ऑक्टोबर १९०६ रोजी शाळा मंडळाने हुकूम काढला की जपानी मुलांनी चिनी मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळेत जावं. गर्दीचं कारण पुढे केलं गेलं. सबंध शहरात जपानी विद्यार्थी होते ९३. खरी गोष्ट अशी की जपानी मजुरांविरुद्धची संघटना १९०५ पासूनच शहरात काम करत होती.

आता कागदावर एक वर्ष मागे या. १९०५ मध्ये जपानने त्सुशिमाच्या समुद्रात रशियाचं आरमार बुडवलं होतं, आणि तह झाला होता तो अमेरिकेतल्या पोर्ट्समथला, रूझवेल्ट यांच्या मध्यस्थीने. नुकताच महासत्तेला हरवून आलेला देश आपल्या मुलांचा अपमान कसा सोसेल? रूझवेल्ट यांनी मंडळाला हुकूम मागे घ्यायला लावला आणि बदल्यात जपानने मजुरांना पासपोर्ट न देण्याचं मान्य केलं. मग डिसेंबर १९०७ मध्ये अमेरिकेच्या पांढऱ्या रंगाच्या १६ युद्धनौका जगप्रदक्षिणेला निघाल्या. त्यांना दक्षिण अमेरिकेला वळसा घालून पॅसिफिकमध्ये यावं लागलं. पनामा कालव्याची निकड कागदावर दाखवायला याहून चांगली जागा नाही. कालवा उघडला १५ ऑगस्ट १९१४ रोजी, आणि युद्धाच्या धामधुमीत त्याची बातमी मागे पडली.

आशियाई मजुरांबद्दलची ही चीड भारतीयांपर्यंतही आली. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांवर जमाव चालून गेला आणि त्यांना गावाबाहेर हाकललं. तिथली अपमानाची भावना आणि भारतातली ब्रिटिश सत्ता यांची सांगड घालून १९१३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर गदर संघटना उभी राहिली. सोहनसिंग भकना अध्यक्ष आणि लाला हरदयाळ सरचिटणीस होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतून 'गदर' पत्राचा पहिला अंक निघाला.

मराठी वाचकाने इथे आपल्या दोन माणसांची नावं पेनाने लिहावीत. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या उभारणीत होते. पुढे मेक्सिकोत ते शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे महायुद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेतून परतले. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत ते बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. त्याच १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. फेडरल रिझर्व्ह, गदर आणि कोलंबियातले आंबेडकर एकाच वर्षाच्या ओळीत दिसतात. यादी पाठ करताना हे कधीच दिसत नाही.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि गदरच्या लोकांवर जर्मनीशी हातमिळवणी केल्याचा खटला भरला गेला. तो चालला सॅन फ्रान्सिस्कोतच. एप्रिल १९१८ मध्ये, खटल्याच्या शेवटच्या दिवशी, भर न्यायालयात रामसिंग या आरोपीने रामचंद्र या सहआरोपीला गोळी घातली आणि रामसिंगही तिथेच मारला गेला.

पायरी ५ : प्रत्येक रेघ तपासा

धागे जुळायला लागले की मोह होतो, सगळंच सगळ्याशी जोडलेलं दिसायला लागतं. म्हणून प्रत्येक रेघेला तीन प्रश्न विचारा. काळाचा क्रम बरोबर आहे का? मधल्या कुणी त्या आधीच्या घटनेचं नाव घेऊन निर्णय केला का? आणि आधीची घटना नसती तरी पुढची घडली असती का?

१९०७ ची घबराट आणि फेडरल रिझर्व्ह ही रेघ ठळक काढा. आयोगाचे अहवाल आहेत, भाषणं आहेत. भूकंप आणि १९०७ ची घबराट ही रेघ तुटक काढा. सोनं हललं आणि व्याजदर चढला हे पक्कं आहे, पण घबराटीला सट्टा होता आणि ट्रस्ट कंपन्यांवरचा ढिला अंकुशही होता. भूकंप हे एक कारण, एकमेव नव्हे. शाळेच्या हुकुमाचंही तसंच : भूकंपाने निमित्त दिलं, द्वेष आधीचा होता.

आणि काही रेघा काढूच नका. भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोत सैन्य उतरवणारे जनरल फ्रेडरिक फन्स्टन. मार्च १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाचे रुग्ण मोठ्या संख्येने नोंदले गेले ती कॅन्ससमधली लष्करी छावणी कॅम्प फन्स्टन, त्यांच्याच नावाची. हा नावाचा योगायोग आहे, कारण-परिणाम नाही.

पायरी ६ : तारखा आणि आकडे

रशियाच्या तारखांसाठी वेगळी शाई घ्या. तिथे जुनं कॅलेंडर होतं, आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे. म्हणून 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबर १९१७ ला येते आणि 'फेब्रुवारी क्रांती' मार्चमध्ये. तक्त्यात नवी तारीख लिहा आणि बाजूला जुनी.

१९१४ चा जुलै महिना मात्र वर्षाच्या चौकटीत कोंबू नका, त्याला स्वतंत्र कागद द्या. २८ जूनला सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या, २३ जुलैला ऑस्ट्रियाचा सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता, २८ जुलैला युद्धाची घोषणा, १ ऑगस्टला जर्मनीची रशियाविरुद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध, ४ ला ब्रिटन युद्धात. जवळजवळ महिनाभर शांतता आणि मग आठवड्याभरात सगळं कोसळलेलं दिसतं. साम्राज्यवाद, राष्ट्रवाद वगैरे कारणं त्यानंतर वाचा, ती जास्त नीट कळतात.

आकड्यांच्या शेजारी तो कुणी, कधी मोजला हे लिहा. भूकंपातल्या मृतांचा सुरुवातीचा अधिकृत आकडा पाचशेच्या आत होता. पुढे शहराच्या ग्रंथपाल ग्लॅडिस हॅन्सन यांनी वर्षानुवर्षं नावं गोळा केली आणि आता ३,००० किंवा त्याहून अधिक असं मानलं जातं. चायनाटाउनमधल्या मृतांची नोंद धड झालीच नव्हती. १९१८ च्या साथीचं तर नावसुद्धा तपासून घ्यावं लागतं. लढणाऱ्या देशांत बातम्यांवर सेन्सॉर होता, तटस्थ स्पेनमध्ये नव्हता, म्हणून तिथल्या बातम्या आधी झळकल्या आणि साथ 'स्पॅनिश' ठरली.

या साथीपाशी पैशाचा धागा पुन्हा भेटतो. २८ सप्टेंबर १९१८ रोजी फिलाडेल्फियात युद्धकर्जाचे रोखे खपवण्यासाठी मोठी मिरवणूक निघाली, रस्त्यावर दोन लाख लोक होते. साथ शहरात शिरल्याचं माहीत असूनही ती रद्द केली नाही. काही दिवसांत शहराची इस्पितळं भरली. भारताच्या रकान्यात जून १९१८ समोर मुंबई लिहा. तिथल्या बंदरातून साथ आत आली आणि रेल्वेने देशभर गेली. भारतात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसं गेली असं अंदाज सांगतात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली. जनगणनेच्या इतिहासात असं एकच दशक आहे.

पायरी ७ : सरावाला दुसरी घटना घ्या

आता हेच स्वतः करून बघा. २५ मार्च १९११ ची न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची आग घ्या. १४६ कामगार गेले, बहुतेक स्थलांतरित मुली, आणि बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. रस्त्यावरून ती आग पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये देशाच्या कामगार मंत्री झाल्या; तो धागा धरा. किंवा २९ एप्रिल १९१६ घ्या, मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूतला ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पूना डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली तो दिवस. तिच्यात मराठा पलटणी होत्या. सातारा-कोल्हापूर भागातल्या गावांत महायुद्धात गेलेल्यांच्या शिळा आहेत. तुमच्या गावात असेल तर तिच्यावरची संख्या उतरवून घ्या, भारताच्या रकान्यात टाका आणि रेघ बगदादच्या दिशेने काढा.